स्केटबोर्डिंगचे व्हिडिओ इतक्या जवळून कसे काढतात? मोबाइलवर जमेल का?

जमेल, पण आधी पडायची तयारी ठेवा. कॅमेरावालाही स्केटबोर्डवरच असतो. एक पाय बोर्डावर, दुसऱ्याने ढकलत खेळाडूच्या मागे जायचं आणि कॅमेरा वरच्या हँडलला धरून गुडघ्याच्याही खाली लोंबता ठेवायचा. त्यावर फिशआय लेन्स, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी फुगीर भिंग. तिच्यामुळे दोन हातांवरूनही अख्खा माणूस फ्रेममध्ये मावतो, आणि तीन पायऱ्यांचा जिना दहाचा वाटतो!

सोनीचा १९९५ सालचा व्हीएक्स १००० हा टेपवर चालणारा कॅमेरा काही जण अजून हट्टाने वापरतात, तो या हँडलसाठी आणि बोर्ड आपटल्याच्या त्या खणखणीत आवाजासाठी.

चाकांचं कुणी सांगत नाही. चाकांचा कडकपणा ‘ए’च्या आकड्यात मोजतात, आकडा मोठा तितकं चाक कडक. ट्रिकवाल्यांची चाकं साधारण ९९ए, म्हणजे टणक. चित्रीकरणाला ७८ए घ्या. मऊ असतात, खडखड कमी.

मी सिडकोतल्या आमच्या गल्लीत मावसभावामागे मोबाइल घेऊन निघालो होतो. नजर स्क्रीनवर, आणि सिमेंट रस्त्याच्या सांध्यात खडा. भाऊ उडी मारून गेला, मी तोंडावर. व्हिडिओत शेवटी नुसतं आभाळ आणि शेजारच्या काकूंचं ‘अगं बाई, पडलं की पोरगं!’

तेव्हा स्क्रीनकडे बघू नका. वाईड लेन्स, सेकंदाला ६० फ्रेम्स लावा, नजर रस्त्यावर ठेवा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. नंतर डांबरही तापतं आणि वॉचमनही.