वाचकांचे प्रश्न : मोटारीच्या काचा आतून का ओलावतात?

प्रश्न : आमची सात वर्षांची पेट्रोलवरची हॅचबॅक चिपळूणला उघड्यावर उभी असते. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी सगळ्या काचा आतून पांढुरक्या झालेल्या असतात, पुढच्या काचेवरून तर पाण्याचे ओघळ येतात. आत कुबट वास आहे आणि डावीकडची पुढची पायमॅट नेहमी ओलसर लागते. एका गॅरेजने एसीचा गॅस भरून दिला, पण काही फरक पडला नाही. दोष कुठे असावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण डाव्या पायमॅटचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण दोषाचा माग तिथूनच लागतो. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते आणि तीच हवा २० अंशांवर आली की सुमारे १७ ग्रॅम. लहान मोटारीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते, म्हणजे रात्री गाडी इतकी थंड झाली तरी त्या हवेतून फार तर ४० ग्रॅम, दोन-तीन मोठे चमचे पाणी सुटेल. रोज सकाळी ओघळ येत असतील तर गाडीत पाण्याचा साठा आहे, आणि तो बहुधा गालिच्याखालच्या फोममध्ये आहे. हा फोम काही लिटर पाणी सहज धरून ठेवतो आणि वरून हात लावला तर नुसता दमट वाटतो.

हे पाणी पावसाचे की एसीचे, एवढे आधी ठरवावे. डावीकडची मॅट काढून गालिच्याची कड उचला, फोम दाबून जमेल तेवढे पाणी टिपून घ्या आणि खाली कोरडे वर्तमानपत्र पसरा. त्यानंतर दोन दिवस गाडी पावसात उभी ठेवा, पण एसी मुळीच लावू नका. मग नवे वर्तमानपत्र घालून गाडी छपराखाली घ्या आणि अर्धा तास एसी चालवा. कोणत्या वेळी कागद भिजला, ते पाहिले की निम्मे निदान झाले. गॅस भरण्याआधी ही साधी परीक्षा व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

माझा पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर आहे. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइल डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. तिच्यावर जमणारे पाणी एका छोट्या नळीने गाडीखाली पडते. दमट हवेत पंधरा-वीस मिनिटे एसी चालल्यावर जमिनीवर थारोळे दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर नळी धूळ, पाला किंवा बुरशीच्या गाळाने तुंबली आहे आणि पाणी आत उतरते आहे. नळीचे तोंड खालून शोधून मऊ, जाड नायलॉनच्या दोऱ्याने गाळ मोकळा करावा. लोखंडी तार आत खुपसू नये, कॉइलला भोक पडू शकते. गॅरेजमधल्या हवा मारण्याच्या कॉम्प्रेसरची हवाही जोराने मारू नये, कारण नळी आतल्या बाजूने निसटली तर डॅशबोर्ड उघडण्याची वेळ येते.

कागद पावसात भिजला, तर पुढच्या काचेखालची, वायपरजवळची जाळी उघडून पाहा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाला साचतो, पाण्याची वाट बंद होते आणि ते ब्लोअरच्या तोंडातून आत येते. तिथे काही सापडले नाही, तर एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या नळीने, जोर न लावता, खालून वर सरकत पाणी सोडावे : आधी दरवाजा, मग काचेची कड, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ओल चिकट असेल, तिला गोडसर वास येत असेल आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरत असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे. अशा वेळी गाडी लांब नेऊ नये.

गळती थांबली तरी फोम आपोआप सुकत नाही. पावसाळ्यात ऊन मिळणार नाही, म्हणून सीट काढून गालिचा उचलावा, खाली विटेचे तुकडे ठेवावेत आणि घराच्या आडोशाला दरवाजे उघडून टेबलफॅन दोन-तीन दिवस लावावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. त्या गालिच्याखालून वायरिंग जाते आणि पत्राही तिथूनच गंजतो. केबिन फिल्टर भिजला असेल तर बदलावा. गाडीत मिठाची पुरचुंडी ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाघळते आणि कोकणातल्या जुलैत ते खारे पाणी पत्र्यावर ठिबकत राहते.

तोवर गाडी चालवताना हाताने काच पुसू नका. एसी चालू ठेवून हवा पुढच्या काचेवर वळवा, बाहेरची हवा आत घेण्याचा खटका उघडा आणि तापमान थोडे वाढवा. एसी मध्येच बंद करून नुसता पंखा ठेवलात, तर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि क्षणात समोरचे दिसेनासे होते. घाटात हे फार धोक्याचे आहे.

प्रश्न : आंबोली घाटात एसी लावला की काच आणखी धूसर होते. मग एसीचा उपयोग काय?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वायपर एकदा फिरवून पाहा. काच लगेच स्वच्छ झाली तर बाष्प बाहेरच्या बाजूला आहे : एसीच्या झोताने काच गार पडली आणि घाटातली ओली हवा तिच्यावर दवासारखी जमली. इथे उपाय उलटा आहे. थंड झोत काचेवरून काढून अंगाकडे वळवा, तापमान दोन-चार अंशांनी वाढवा आणि वायपर सावकाश चालू ठेवा. वायपरने काहीच फरक पडला नाही, तर बाष्प आतले आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे एसीचीच कोरडी हवा काचेवर हवी. मागच्या काचेवरच्या बारीक तारांचा डिफॉगर असेल तर त्याचे वेगळे बटण असते. चौकोनी काचेचे चिन्ह मागच्या काचेसाठी आणि वर वक्र असलेले चिन्ह पुढच्या काचेसाठी.