गिऱ्हाइकाशी गोड, लेकीवर ओरडा

प्रश्न : मी घरीच शिलाईकाम करते. लग्नसराईत सकाळपासून रात्रीपर्यंत मशीन चालू असते. परवा एक बाई तीन आठवड्यांनी ब्लाउज घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘बाह्या ढगळ झाल्यात, संध्याकाळपर्यंत करून द्या.’ मापाच्या वहीत त्यांचंच माप होतं. तरी ‘हो ताई, देते’ म्हणाले. अस्तराचा ब्लाउज, सगळा उसवावा लागला. रात्री नववीतल्या मुलीचा डबा दप्तरातच सापडला, तर तो मोरीत आपटला आणि नको नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, ‘आई, गिऱ्हाईक आलं की तुझा आवाज किती गोड असतो.’ दहा आकडे मोजून झाले, उपयोग नाही. राग कसा आवरू? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, लेक हुशार आहे तुमची. राग आवरत नाही असं तुम्ही लिहिता, पण दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तो आवरताच की! आवरणं तुम्हाला येतं, जरा जास्तच येतं. तो डबा रात्री आपटला, पण राग दुपारी ‘हो ताई’ म्हणालात तेव्हाचा होता. वड्याचं तेल वांग्यावर.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझंही हेच होतं. मुख्याध्यापकांपुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘हिची शाळा सुटली की आमची भरते.’ तेव्हा फार झोंबलं होतं ते.

जेम्स ग्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांची किळस काही कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. काहींना मात्र सुरुवातीलाच त्या दृश्याकडे तटस्थपणे, वेगळ्या नजरेने पाहायला सांगितलं होतं. त्यांना किळसच कमी वाटली. तुमचं गोड बोलणं पहिल्या प्रकारातलं.

मग वेगळी नजर आणायची कुठून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मला इथे सगळ्यात कामाची वाटते. ती म्हणते, नुसत्या घटनेने आपण पेटत नाही, तिच्याबद्दल मनात जो हट्ट धरतो त्याने पेटतो. मराठीत हा हट्ट ओळखणं सोपं, तो एका ‘च’मध्ये बसतो. ‘गिऱ्हाईक खूश झालंच पाहिजे.’ ‘एकही बाई तुटताच कामा नये.’ ‘दिवसभर राबते, तर मुलीने न सांगता डबा काढलाच पाहिजे.’ मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आठवडाभर तुमचे ‘च’ लिहून काढा. मग तेच वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहा. ‘गिऱ्हाईक खूश झालं तर बरं.’ एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण त्या वाक्यानंतर ‘ताई, उसवावं लागेल, परवा देते’ हे तोंडातून निघू शकतं, आधीच्या वाक्यानंतर निघत नाही.

आकडे मोजण्याचं म्हणाल, तर दहा फार थोडे. भडकलेलं शरीर निवायला वीसेक मिनिटं सहज लागतात, तीही त्या बाईंचं बोलणं मनात घोळवत न बसता. नोकरी करणाऱ्या बायकांना निदान परतीच्या बसमध्ये तेवढा वेळ मिळतो. तुमचं दुकान आणि घर एकच, मशीनवरून उठलं की चार पावलांवर ओटा. तेव्हा वाट मुद्दाम लांब करा. मशीनवर कव्हर घाला, दिवा बंद करा, दळण आणायला जा, नाहीतर गच्चीत फेऱ्या मारा. श्वास घेतलात त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, त्याने छातीतली धडधड उतरते. आणि जाताना लेकीला सांगून जा, ‘आज एका बाईंमुळे डोकं तापलंय, तुझ्यामुळे नाही. आल्यावर बोलू.’

डब्याच्या रात्रीबद्दल तिची माफी मागायची राहिली असेल, तर मागा. मात्र पुढे ‘पण तूही’ जोडू नका. त्या दोन शब्दांनी आमच्या घरातल्या कितीतरी माफ्या वाया गेल्यात. हात उचलला जात असेल किंवा झोप उडाली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

आणि हो, बाह्या उसवून पुन्हा बसवल्यात, त्याचे पैसे घेतलेत का? पत्रात कुठे दिसलं नाही.