उपकोषागाराचा चार्ज तोंडी घेऊ नका

ताई, "आमच्या उपकोषागारातल्या (तालुक्याच्या सरकारी तिजोरी कार्यालयातल्या) साहेबांची बदली झाली, मी उपलेखापाल, वरून फोन आला की चार्ज तुम्हीच बघा, ऑर्डर मागाहून पाठवतो" हे तुमचं वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. मला अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. ती ऑर्डर अजून यायची आहे, मी मात्र निवृत्त झालो.

नमुना स्वाक्षरी, लॉगिन वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

माझा घोळ मुद्रांक (स्टॅम्प पेपर) ठेवतात त्या स्ट्राँगरूममध्ये झाला. फेब्रुवारी संपत आलेला, साहेबांना संध्याकाळची एसटी गाठायची होती. किल्ली हातात देत म्हणाले, "मुद्रांक रजिस्टरप्रमाणे आहेत." मी बंडलं वरून पाहिली, उघडून मोजली नाहीत आणि सही ठोकली. मग मार्चची बिलं, कुणाला उसंत? जूनच्या तपासणीत 100 रुपयांच्या एका बंडलात मुद्रांक कमी निघाले. दुहेरी कुलपाची दुसरी किल्ली दुसऱ्याकडे होती, पण सही माझी. वसुली माझ्या पगारातून झाली.

खरी गंमत पुढे. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, 1981 मधल्या नियम 56 खाली अतिरिक्त कार्यभाराचे पैसे मागितले, तर वरच्या कार्यालयाने प्रस्ताव परत केला: सक्षम प्राधिकाऱ्याचा लेखी आदेश नाही. म्हणजे पैसे मागताना मी चार्जवर नव्हतो, तूट भरताना होतो! चार खेपा घातल्या. दर वेळी टेबल वेगळं, उत्तर तेच.

म्हणून माझं स्पष्ट मत: व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे आदेश नव्हे. आजच पत्र टाका, "दूरध्वनीवरील सूचनेनुसार काम पाहत आहे, लेखी आदेश मिळावेत." जावक क्रमांक घाला, मेलही करा. उत्तर येणार नाही, पण पत्र राहील. आणि साहेब निघण्याआधी एकेक बंडल उघडून मोजा, त्यांचं तोंड वाकडं झालं तरी. 100 चे मुद्रांक आता गेले, 500 चे आले, म्हणजे एक पान हरवलं तरी पाचपट फटका.

मी काही आस्थापनेतला तज्ज्ञ नाही, मधे नवे शासन निर्णय आले असतील, ते बघून घ्या. मुळात बदलीवर येणारा माणूस ठरल्याशिवाय जाणाऱ्याला सोडतातच कसे, हे मला नोकरीभर कळलं नाही.

आणि हो, जुन्या साहेबांचा पासवर्ड कागदावर लिहिलेला सापडला तर हात लावू नका. एकच बिल अडलंय म्हणूनसुद्धा नाही.