पंचवटीत बॅटरी का पुरत नाही?

प्रश्न : माझ्याकडे स्टीम डेक (हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र, एलसीडी पडद्याचं) आहे. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना कल्याणच्या आधीच बॅटरी बसते. एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र पडद्याएवढं मोठं करणारी सोय) लावूनही फरक पडला नाही, उलट अक्षरं धूसर झाली. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : फ्रेमना (दर सेकंदाला बनणाऱ्या चित्रांना) लगाम नाही, हे चुकतंय. एफएसआरमुळे चिपचं काम हलकं झालं की गेम तेवढ्याच ताकदीत जास्त फ्रेम काढतो. वीज जाते तेवढीच.

बॅटरी 40 वॉट-तासांची आणि प्रवास साधारण साडेतीन तासांचा. म्हणजे अख्ख्या यंत्राला सरासरी 11 वॉटच मिळतात. त्यात पडदा, वायफाय, पंखा आलेच. तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्समध्ये जा, फ्रेम लिमिट 40 आणि टीडीपी लिमिट (चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) 7 वॉट ठेवा. ब्राइटनेस निम्मा, वायफाय बंद. 30 फ्रेमला प्रत्येक चित्र 33.3 मिलिसेकंद थांबतं, 60 ला 16.7, 40 ला 25, म्हणजे बरोबर मधोमध. 7 वॉटमध्ये 40 टिकत नसतील तर 30 वर या. तेही जमेना, तर तो गेम घरी चार्जर लावूनच खेळायचा.

आता अक्षरं. याच मेनूतलं एफएसआर पहिल्या पिढीचं. ते तयार चित्र अक्षरांसकट ताणतं. गेमच्या सेटिंगमधलं एफएसआर 2 किंवा 3 आधी दृश्य मोठं करतं, अक्षरं नंतर पूर्ण 1280×800 मध्ये उमटतात. ते असेल तर तेच वापरा, मेनूतलं बंद ठेवा. मात्र त्यातल्या ‘क्वालिटी’ मोडच्या खाली उतरू नका. क्वालिटीत चित्र 853×533 चं बनतं, ‘परफॉर्मन्स’मध्ये 640×400 चं, म्हणजे जेमतेम पाव पिक्सेल. 4के टीव्हीवर हाच मोड 1080पी पासून सुरुवात करतो, म्हणून तिथे खपून जातो. इथे झाडांची पानं, तारा, केस सतत लुकलुकतात.

गेममध्ये सोयच नसेल तर रिझोल्यूशन 960×600, फुलस्क्रीन, मग मेनूतलं एफएसआर. गेम 1280×800 वरच राहिला तर हा फिल्टर काहीच करत नाही. शार्पनेस मधोमध ठेवा. फार वाढवला की कडांना पांढरी झालर येते.

आणि लिमिट काढून रिझोल्यूशन उतरवल्यावरही फ्रेम वाढत नसतील, तर अडतंय सीपीयूपाशी. तिथे अपस्केलिंगचा (चित्र मोठं करण्याचा) उपयोग नाही, गेममधली गर्दी कमी करा.

प्रश्न : फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालणं) लावल्यावर 30 चे 60 दिसतात, पण बटण उशिरा लागतं. – एक वाचक, सिडको

उत्तर : लागणारच. मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, आणि मधली दाखवून होईतो ती खरी फ्रेम रोखून धरतात. मुळात 60 च्या आसपास फ्रेम असतील तरच लावा.

प्रश्न : जुने 240×160 चे गेम पुसट दिसतात. – एक वाचक, सातपूर

उत्तर : एफएसआर नको, इंटिजर स्केलिंग (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) लावा. पाचपट केलं की 1200×800 होतात. उंची तंतोतंत बसते, दोन्ही बाजूंना 40-40 पिक्सेलची काळी पट्टी उरते. ती राहू द्या.