मागची कमांड बदलून पुन्हा चालवणे : पुनर्वापर, आवर्तन की फेरफार?

प्रश्न असा होता : "नाशिकला मराठी माध्यमाच्या मुलांना पायथन शिकवतो. वरचा बाण दाबून मागची कमांड आणायची, थोडी बदलायची, पुन्हा चालवायची, याला टिपणात 'पूर्वाज्ञांचा पुनर्वापर व संपादन' असं लिहिलं. मुलं हसली. निदान हिस्टरीला, म्हणजे मागच्या कमांडांच्या यादीला, 'इतिहास' म्हणू ना?"

मुलं 'पूर्वाज्ञा'ला हसली असणार. पितृपक्ष आठवतो हो. कमांडला कमांडच म्हणा.

'इतिहास' चालेल. इति ह आस, म्हणजे 'असं खरंच होतं'. प्रोग्रामर बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये (शेल म्हणजे कमांड टंकून संगणकाला काम सांगायचा प्रोग्राम) सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ही सोय आली, तिचं नाव हिस्टरीच. आणि यादी खरोखर निःपक्षपाती असते : बरोबर चाललेली ओळ ठेवते, तशी कंस मिटायचा राहिलेली ओळही ठेवते. फक्त मुलांना इतिहास म्हटलं की सनावळ्या दिसतात. म्हणून मी 'नोंदी' म्हणेन.

'पुनर्वापर' मात्र नको. तो घंटागाडीतल्या सुक्या कचऱ्याचा शब्द झालाय, आणि कमांड काही वापरून टाकलेली वस्तू नव्हे.

'आवर्तन' आपल्याकडे शेतकऱ्याच्याही तोंडी आहे : गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं. शेलमध्ये दोन उद्गारचिन्हं टंकून शेवटची ओळ जशीच्या तशी चालवली, तर त्याला हा शब्द शोभतो. पाणी तेच, पीक मात्र दर वेळी पुढे गेलेलं. पायथनमध्येही तसंच : 'दर' या चलात १२०० आहे आणि ओळ 'दर = दर + १००' अशी आहे, तर ती दोनदा चालवल्यावर दर १४०० होतो. (हो, पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं. आकडे मात्र इंग्रजीच टंका.)

पण तुम्ही मधे ओळ बदलता, आणि आवर्तनात बदल बसत नाही. तिथे 'फेर' कामाला येतो. फेरमतदान, फेरनिविदा, फेरतपासणी यांत तो 'पुन्हा' सांगतो, 'फेरफार'मध्ये 'बदल'. तुम्हाला हवे ते दोन्ही अर्थ एकाच घराण्यात आहेत.

'हिशोबात फेरफार' म्हटलं की लबाडीचा वास येतो, हा आक्षेप खरा आहे. पण तलाठ्याकडे जाऊन बघा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तिथे प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो, आणि सातबाऱ्यावर जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात. आपल्या नोंदींचं वागणं थेट तसंच आहे : मागची ओळ आणून, बदलून एंटर दाबलं की जुनी ओळ जागेवर राहते, बदललेली खाली नव्याने चढते. बॅश नावाच्या शेलमध्ये तर ओळीला क्रमांकही असतो; उद्गारचिन्हाला लागून तो टंकला की ती ओळ चालते.

तेव्हा टिपणात लिहा : 'नोंदीतली ओळ आणा, फेरफार करा, चालवा.' आणि कंट्रोल-आर दाबून दोन अक्षरांवरून जुनी ओळ हुडकत मागे जाण्याला 'मागोवा' द्या. त्याला मुलं हसणार नाहीत.