घानामध्ये १९८१ नंतर लष्करी उठाव यशस्वी का झाला नाही, आणि तिथली राज्यव्यवस्था आपल्यासारखी संसदीय आहे का?

या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर मी माझ्या साडूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आधी त्याचाच समाचार घेतो. लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांच्या राजवटीने जून १९७९ मध्ये आचेम्पाँग, अकुफो आणि आफ्रिफा या तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या, त्या धाकाने देश सरळ झाला, आणि असा एखादा खमक्या माणूस प्रत्येक देशाला हवाच, असे ते म्हणतात. हे साफ चूक आहे. त्यानंतर तीन वर्षेही उलटली नव्हती, तोच ३१ डिसेंबर १९८१ रोजी हिला लिमान यांचे लोकनियुक्त सरकार उलथवले गेले, आणि ते उलथवणारे दुसरे तिसरे कोणी नसून स्वतः रॉलिंग्जच होते. धाकाने उठाव थांबत असते, तर ज्याने धाक घातला त्याने तरी तो केला नसता.

खरे कारण यापेक्षा बरेच नीरस आहे. घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांनी १९६४ मध्ये देश एकपक्षीय केला, तेव्हा त्यांना मतपेटीतून हटवण्याचा मार्गच बंद झाला आणि १९६६ मध्ये लष्कराने तो बंदुकीने उघडला. १९९२ च्या घटनेनंतर हरलेल्या पक्षाला पुढच्या खेपेची खात्री वाटू लागली. ती एका दिवसात आली नाही. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करून विरोधकांनी संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. मग पक्षांना निवडणूक आयोगासोबत एका टेबलाशी बसवण्यात आले आणि १९९६ मध्ये पारदर्शक मतपेट्या आल्या.

मी टेमा येथील एका कारखान्यात नोकरीला होतो, तेव्हाची म्हणजे डिसेंबर २०१२ ची निवडणूक मी जवळून पाहिली. आमचे स्टोअरकीपर एका पक्षाचे मतदान प्रतिनिधी होते. त्यांच्या केंद्रावर बोटांचे ठसे पडताळणारे यंत्र बंद पडल्यामुळे उरलेले मतदान दुसऱ्या दिवशी झाले, आणि संध्याकाळी मतमोजणी सुरू झाली तेव्हा मी शाळेच्या आवारात कुंपणाला टेकून उभा होतो. मतपेटी तिथेच, सर्वांसमोर उघडली गेली. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उचलून अंगठ्याची शाई हत्तीसमोर आहे की छत्रीसमोर (ही दोन मोठ्या पक्षांची चिन्हे) हे दाखवत, आणि जमलेली माणसे एका सुरात आकडा म्हणत. एका मतपत्रिकेवरची शाई दोन रकान्यांच्या रेषेवर पसरली होती. तिच्यावरून एवढा वाद झाला की मला वाटले, आता हाणामारी होणार. शेवटी ते मत बाद ठरले, बेरीज गुलाबी पत्रकावर उतरली, दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या आणि आपापली प्रत घेतली. आमचे स्टोअरकीपर त्या केंद्रावर हरले होते. तरीही ती प्रत त्यांनी घडी घालून शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवली.

पुढे त्याच गुलाबी पत्रकांवर सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला. सुनावणी दूरचित्रवाणीवर थेट दाखवली जात असल्याने कारखान्यातले जेवणाचे सुटीचे वेळापत्रक पार कोलमडले होते. २९ ऑगस्ट २०१३ रोजी याचिका फेटाळली गेली, आणि हरलेले उमेदवार अकुफो-आडो यांनी निकाल पटला नसतानाही तो मान्य करून विजयी अध्यक्ष महामा यांना फोनवरून शुभेच्छा दिल्या. तेच अकुफो-आडो २०१६ मध्ये महामांना हरवून अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये महामा परत निवडून आले, तेव्हा प्रतिस्पर्धी बावुमिया यांनी अधिकृत घोषणेची वाटही न पाहता पराभव मान्य केला. ज्याला चार वर्षांनी परत येता येते, तो छावणीचे दार कशाला ठोठावेल?

आता संसदीय पद्धतीबद्दल. नाही, आपल्यासारखी नाही. अध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो, पण बहुसंख्य मंत्री संसद सदस्यांतूनच घ्यावे लागतात. त्यामुळे सत्ताधारी खासदाराचे डोळे मंत्रिपदाकडे लागलेले असतात आणि सरकारवर अंकुश ठेवण्याचे काम मागे पडते. माझ्या मते त्या घटनेतील ही सर्वांत वाईट तरतूद आहे.

हे सगळे वाचून घाना म्हणजे आदर्श लोकशाही, असे मात्र समजू नका. जिल्ह्यांचे प्रमुख आजही अध्यक्षच नेमतो, सरकार बदलले की खालपर्यंतच्या नेमणुका बदलतात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तर सरकारने बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली होती. उठाव होत नाही, याचा अर्थ कारभार चांगला चालतो असा होत नाही.

रॉलिंग्ज यांच्या पदरात एक गोष्ट टाकलीच पाहिजे. १९९२ पासून निवडून आलेले अध्यक्ष म्हणून दोन मुदतींची मर्यादा त्यांनी पाळली, आणि त्यांचा उमेदवार हरल्यावर जानेवारी २००१ मध्ये विरोधी पक्षाचे विजेते कुफुओर यांच्या हाती सत्ता दिली. साडू यालाही खमकेपणाच म्हणतात. परंतु ती मर्यादा १९९२ च्या घटनेने घातली होती, आणि पूर्वीच्या उठावांबद्दल कोणावरही खटला चालू नये, अशी तरतूदही याच खमक्या माणसाच्या राजवटीत त्याच घटनेत करून ठेवण्यात आली होती.