घरी गाणी रेकॉर्ड करायला सुरुवात करतोय. ड्रम मशीन किंवा ऑक्टोपॅड घ्यावा की सॉफ्टवेअरवर भागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही साताऱ्याचे, गिटार वाजवता, स्वतःची मराठी गाणी घरीच रेकॉर्ड करायची आहेत. विंडोजचा 8 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि हातात 25,000 रुपये आहेत. त्यात ड्रम मशीन (ठेका भरून वाजवणारं यंत्र) किंवा सेकंडहँड ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) घ्यावा की सॉफ्टवेअर वापरावं?

सॉफ्टवेअर वापरा. ड्रमच्या आवाजासाठी आत्ता एक रुपयाही घालू नका. ते पैसे ऑडिओ इंटरफेस (गिटार आणि माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी), बरे हेडफोन आणि बोटांनी वाजवायचं छोटं पॅड कंट्रोलर यांत घाला. साध्या कंपन्यांच्या वस्तू घेतल्या तर तिन्ही तुमच्या बजेटात बसतात. मी सांगलीत विश्रामबागेत घरच्याच खोलीत रेकॉर्डिंग करतो, मिरजेच्या वादक मंडळींचं येणंजाणं असतं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

मुख्य मुद्दा नंतर दुरुस्ती करता येण्याचा आहे. ऑक्टोपॅडची नेहमीची वायर लावून रेकॉर्ड केलं की डावा-उजवा असे दोनच चॅनल मिळतात, आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांज सगळं त्यात एकत्र मिसळलेलं असतं. मिरजेचा एक मुलगा गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो, हात फार गोड आहे त्याचा. त्याने एका गाण्याला असाच ठेका भरून दिला. वर गाणं चढवलं तेव्हा लक्षात आलं की किक जास्त घुमतेय, खालचे शब्द झाकले जातायत. इक्वलायझरने तो भाग उतरवला तर ढोलकीचा घुमारही गेला, कारण दोन्ही आवाज एकाच पट्ट्यात बसलेले. वाजवण्यात काही खोट नव्हती, तरी अख्खा टेक पुन्हा घ्यावा लागला. दुसऱ्यांदा ऑडिओबरोबर त्याच्या ऑक्टोपॅडची मिडीसुद्धा लॅपटॉपमध्ये घेतली. मिडीत आवाज नसतोच. कुठलं पॅड, कोणत्या क्षणी, किती जोरात (1 ते 127) एवढीच नोंद असते. मग किकचा आवाज बदला, एकटीच हळू करा, एखादा चुकलेला ठोका सरकवा. वादकाचा हात मात्र जसाच्या तसा राहतो. सॉफ्टवेअर ड्रममध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून मिळते.

काहींना ड्रम मशीन हवं असतं ते आवाजासाठी. रोलँडचं टीआर-808 1980 साली आलं, टीआर-909 1983 साली. 808 ची लांब घुमणारी किक मनात असेल तर त्यासाठी मशीन नको. ते आवाज आता सॉफ्टवेअरमध्येही सहज सापडतात.

सुरुवातीला रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं. त्यात एमटी पॉवर ड्रम किट हे फुकट प्लगइन (रीपरच्या आत चालणारं जोड-सॉफ्टवेअर) टाका. तयार ठेके त्यातच आहेत आणि 8 जीबी रॅमला ते जड जात नाही.

आता मेहनत कुठे घ्यायची ते सांगतो, कारण ‘सॉफ्टवेअर ड्रम खोटे वाटतात’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. नवीन माणूस माऊसने एका मापात आठ हाय-हॅट (पेडलवरच्या झांजांच्या जोडीचे ठोके) टाकतो आणि आठही 100 च्या जोराने. कुठलाही ड्रमर असं वाजवत नाही. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा 90 च्या आसपास ठेवा, मधले 55-65 वर आणा, आणि दोन लागोपाठचे आकडे सारखे ठेवू नका. स्नेअर मापाच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या हाय-हॅटबरोबर, 110. त्याच्या आधी एखादा अगदी हलका, 25-30 चा स्नेअर टाकून बघा. तो वेगळा ऐकू येणार नाही, पण काढलात तर ठेका लगेच कोरडा पडेल. यासाठीच पॅड कंट्रोलर हवं म्हणतोय. बोटांनी वाजवलं की हे चढउतार आपोआप येतात, माऊसने प्रत्येक ठोक्याला हात लावावा लागत नाही.

तालाचंही बघा. ड्रम मशीनचं जग 16 घरांचं आहे, म्हणजे एका पॅटर्नमध्ये ठोके भरायच्या 16 जागा. केरवा त्यात सुखाने बसतो. दादऱ्याला 12 घरं, रूपकाला 14 घरं अशी पॅटर्नची लांबी बदलावी लागते, आणि साध्या मशीनवर ते प्रत्येक वेळी किचकट होतं. रीपरमध्ये सात मात्रांचं माप एकदा लावलं की समेची रेघ समोर दिसत राहते.

ढोलकी, हलगी, संबळ मात्र फुकटच्या किटमध्ये शोधत बसू नका. ऑक्टोपॅडवर तबल्या-ढोलकीसारखे आवाज मिळतात, कार्यक्रमात ते चालूनही जातात. पण हेडफोन लावून ऐकणाऱ्याला बोटाची घासट आणि शाईवरची मींड नाही हे दोन ओळींत कळतं. तुमच्या आजूबाजूला भजनी मंडळं आहेत, शाहिरी पार्ट्या आहेत. सॉफ्टवेअरवर कच्चा ठेका करा, त्यावर गाणं बसवा आणि मग एखाद्या ढोलकीवाल्या काकांना मानधन देऊन घरी बोलवा. एका माईकवरसुद्धा जे मिळेल ते कुठल्याच यंत्रातून मिळणार नाही. इंटरफेस आधी घ्या म्हणतो ते यासाठीही. गिटार, गळा, ढोलकी, तिघांनाही तोच लागतो.

इंटरफेसचं दुसरं काम म्हणजे उशीर कमी करणं. पॅड दाबल्यावर आवाज मागाहून आला तर लयीत वाजवणं अशक्य होतं. लॅपटॉप आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) करतो, आणि एका वेळी किती तुकडे साठवून पुढे पाठवतो तो बफर. 48,000 सॅम्पल रेटला (सेकंदाला 48,000 तुकडे) 1024 चा बफर ठेवला तर त्यातच 21 मिलिसेकंद जातात, 128 ला तीनसुद्धा नाहीत. ड्रायव्हरच्या वेळाची त्यात आणखी भर पडते. म्हणून वाजवताना बफर खाली, मिक्स करताना वर. इंटरफेसबरोबर येणारा एसिओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा ऑडिओ ड्रायव्हर) नक्की टाका, विंडोजच्या आपल्या ड्रायव्हरवर राहू नका.

मग हार्डवेअर कुणी घ्यावं? ज्याला स्टेजवर वाजवायचंय त्याने बिनधास्त ऑक्टोपॅड घ्यावा. तिथे लॅपटॉप उघडून बसणं म्हणजे जिवाला घोर. ज्याचा हात आधीच काठीवर बसलाय त्यानेही घ्यावा. इलेक्ट्रॉनिक ड्रम किटचा विचार असेल तर खालच्या घरात कोण राहतं ते आधी बघा. जाळीच्या पॅडवर फारसा आवाज होत नाही, पण किकच्या पेडलची धडधड जमिनीतून खाली जाते, आणि जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर तर फारच.

नवा रोलँडचा ऑक्टोपॅड 25,000 मध्ये येत नाही. पुढेमागे सेकंडहँड बघायला गेलात तर हेडफोन आणि मिडीची वायर बरोबर न्या. आठही पॅड मधोमध आणि कडेला, हळू आणि जोरात वाजवून बघा. गणपती-नवरात्रात रगडलेल्या सेटची एक-दोन पॅडं बहुतेक वेळा हलक्या हाताला बोलत नाहीत. मिडी आऊट चालू आहे का ते लॅपटॉपवर तिथल्या तिथे तपासा, आणि ॲडॅप्टर मूळचा आहे का ते विचारा.